दोघांची खुर्ची

"...मग आता मला शिकायचं राहिलंय तरी काय, स्वामी?"

त्र्यंबकने सकाळपासून हे कितव्यांदा तरी विचारलं. कऱ्हाडहून एवढ्या लांब, हिमालयातल्या त्या बर्फाच्या गावात तो एकाच कामासाठी आला होता. अच्युतस्वामींनी होकार दिला की तोही लोकांना अनुग्रह द्यायला मोकळा. मग शिष्यपण संपलं, आपणच गुरू. पठ्ठ्या गावाकडे मांडव घालायला सांगूनच निघाला होता.

स्वामींचं लक्ष मात्र भलतीकडेच. बर्फावरून घसरायला आलेल्या माणसांना डोंगरावर नेणाऱ्या लोखंडी खुर्च्या ते बघत होते. तारेला टांगलेल्या, रंग उडालेल्या, एकेका खुर्चीत दोघं दोघं.

"या भरून वर जातात नि रिकाम्या खाली येतात. का रे?"

"वर गेलेले लोक घसरत खाली येतात, स्वामी." त्र्यंबकने पुन्हा आपलं घोडं पुढे दामटलं. "मी अभयाचं सांगत होतो. भीती अशी मला उरलीच नाही. मरणाचीसुद्धा."

"असं? मग चल, बसू."

त्र्यंबकने वर तारेकडे बघितलं. साध्या विहिरीत डोकवायलाही तो आजवर कधी धजला नव्हता. पण शब्द तोंडातून गेला होता, आता करतो काय?

"चला की," तो म्हणाला.

मागून खुर्ची आली आणि दोघांना उचलून निघाली. समोरचा दांडा त्र्यंबकने दोन्ही हातांनी आवळला. स्वामी जत्रेतल्या पोरासारखे पाय हलवत देवदारांचे शेंडे बघत होते.

अर्ध्या वाटेत सगळं खटकन थांबलं. खाली कुणीतरी खुर्चीत बसताना पडलं असावं. वारा सुटला नि खुर्ची झुलायला लागली.

त्र्यंबकने डोळे मिटले. एरवी जिभेवर नाचणारे श्लोक नेमके आत्ताच दडी मारून बसले होते.

"त्र्यंबक..."

"अं?"

"मला भीती वाटतेय रे. हात धर माझा."

त्याने डोळे उघडले. ज्यांच्या पायांवर इतकी वर्षं डोकं ठेवलं, ते भितात? त्याला रागच आला. आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं.

दांड्यावरून हात काही सुटेना... मग एक सुटला. त्याने स्वामींचा हात धरला.

"खाली नका बघू," तो म्हणाला. "समोर बघा. पुढच्या खुर्चीतले नवरा-बायको बघा. लटकलेत, तरी शेंगा खातायत."

"मग?"

"भांडतायत बहुतेक. पुडी तिच्याकडे आहे, ती देत नाहीये... आता तिने त्याच्याच मफलरला हात पुसले."

स्वामी खुदकन हसले. त्र्यंबकलाही हसू आलं. खुर्ची झुलतच होती, पण त्याचं तिकडे ध्यान नव्हतं.

थोड्या वेळाने तार हलली आणि दोघं वर पोचले.

त्र्यंबक बर्फात उभा राहिला. परवानगीचं विचारायचं होतं, पण तोंडातून वेगळंच निघालं.

"स्वामी, तुमचा हात तर उबदार होता. जरासुद्धा थरथरत नव्हता... तुम्ही खरंच घाबरला होतात?"

स्वामी उपरण्यावरचा बर्फ झटकत राहिले.

"बरं, ते राहू द्या. माझ्या परवानगीचं काय?"

स्वामींनी उपरणं पुन्हा खांद्यावर टाकलं.

"गावात मांडव घातलाय, स्वामी. लोक वाट बघतायत. मी काय सांगू त्यांना?"

स्वामी परतीच्या खुर्च्यांकडे चालायला लागले. चार पावलं गेल्यावर थांबले आणि मागे वळून त्यांनी हात पुढे केला.

"चल, खाली जाऊ. या खेपेला तू घाबर. हात मी धरतो."