चवरीवाल्याची गाय

फार पूर्वी, जेव्हा राजे पुष्कळ होते आणि रस्ते थोडे, तेव्हाची ही गोष्ट. बाळांनो, नीट ऐका. आणि आजोबांनो, तुम्हीही ऐका. कारण अशा गोष्टी लहानांना सांगतात, पण त्यांतली चूक बहुधा मोठ्यांचीच असते.

एका नगराच्या वेशीबाहेर तीन वाटा एकत्र येत. तिथे एक पाणपोई होती आणि पाणपोईसमोर मैदान. ऊन उतरलं की गाडीवान बैल सोडत, फिरते व्यापारी गाठोडी उतरवत आणि मैदानावर आट्यापाट्यांचा डाव सुरू होई. एका बाजूचे नऊ गडी नऊ पाट्यांवर हात पसरून उभे राहत. दुसऱ्या बाजूच्या नऊ जणांनी त्यांना हुलकावण्या देत सगळ्या पाट्या ओलांडायच्या आणि तसंच परत यायचं.

गंमत अशी की गडी ठरलेले नसत. वाटसरू असो की नगरातला, जो येईल तो खेळे. पाणपोईवर एक मावशी बसे. तिच्या टोपलीत आंब्याची नऊ आणि फणसाची नऊ पानं असत. डोळे मिटून पान उचलायचं. आंबा आला तर या बाजूला, फणस आला तर त्या बाजूला. सकाळपर्यंत ज्याचं तोंडही पाहिलं नव्हतं, तो संध्याकाळी आपला भिडू होई.

पान उचलणाऱ्या प्रत्येकाला मावशी तेच सांगे.

"आपलं नाव मोठ्याने सांग, दुसऱ्याचं ऐकून घे. खेळ येत नसेल तर येत नाही म्हण, त्यात लाज नाही. आणि एकदा पाटीवर उभा राहिलास की डाव संपेपर्यंत हलू नकोस."

डाव संपला की जिंकलेले हरलेल्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवत. मग ज्याची त्याची वाट. एवढाच तो रिवाज. तो कुठे लिहून ठेवलेला नव्हता, म्हणून पुष्कळ वर्षं टिकला.

त्या नगरात राजाचा एक चवरीवाला राहत असे. दिवसभर सिंहासनामागे उभं राहून राजावर चवरी ढाळायची, हे त्याचं काम. बोलायचं नाही, हलायचं नाही, शिंक आली तर गिळायची. पुढे बसलेला राजा प्रधानावर ओरडे, सेनापतीवर ओरडे, आचाऱ्यावर तर पोटभर ओरडे. चवरीवाला सगळं ऐके आणि मान खाली घालून घरी येई. घरी तो एकटाच होता. त्यामुळे तिथेही बोलायची सोय नव्हती.

मग एका संध्याकाळी त्याला हे मैदान सापडलं.

दिवसभर आखडलेले त्याचे पाय मैदानावर असे सुटत की पाहणाऱ्याने पाहतच राहावं. उजवीकडे झुकून तो डावीकडून निसटे. पाटीवरचा गडी हवेला मिठी मारून उभा राही. लोक वाहवा करत. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याकडे पाहत होतं. दिवसभरात जगावं अशी तीच एक घटका होती, आणि ती त्याला जिवापाड प्रिय होती.

पण पायांबरोबर त्याची जीभही सुटली. राजाचं दिवसभराचं बोलणं त्याच्या कानांत साठलेलं असे. संध्याकाळी ते भिडूंच्या अंगावर सांडू लागलं. तो कुणाचं नाव विचारत नसे. "ए लाल मुंडासं, सरक!" "ए ढेरपोट्या, झोपलास का?" असं चाले. मावशी सोडली तर मैदानावर त्याला कुणी ओळखत नव्हतं. आणि जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे आपण राजे आहोत, असं पुष्कळांना वाटतं.

त्याची आणखी एक खोड होती. आपली बाजू हरायला लागली की त्याला एकाएकी गाय आठवे. "माझी गाय व्यायला झालीय, मला जायला हवं," असं म्हणून तो पाटी सोडून चालू लागे. मोकळ्या पाटीवरून म्हातारा बैलसुद्धा पार जाईल. डाव तिथेच मोडे. त्या एका वर्षात चवरीवाल्याची गाय इतक्या वेळा व्याली की तेवढी वासरं सांभाळायला राजाला वेगळं कुरण काढावं लागलं असतं.

"एकदा तुझी गाय दाखव रे बाबा," मावशी म्हणाली. "अशी गाय जगात दुसरी नसेल."

"मावशी, तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" तो हसून म्हणाला. "हे लोक सकाळी उठून आपापल्या वाटेने जाणार. उद्या कोण कुणाला ओळखतंय?"

"ते जातात रे," मावशी म्हणाली. "पण जाताना काय घेऊन जातात, ते बघ."

त्याने बघितलं नाही. तो पान उचलायला धावला.

थंडीचे दिवस होते. एका संध्याकाळी एक घोंगडीवाला मैदानावर आला. अंगाने थोराड, चालीने संथ. खांद्यावरचा घोंगड्यांचा भारा उतरवून त्याने पान उचललं आणि सांगितल्याप्रमाणे आपलं नाव मोठ्याने सांगितलं. वर म्हणाला, "मी पहिल्यांदाच खेळतोय. सांभाळून घ्या."

सगळे हसले, कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली. चवरीवाला त्याच्याच बाजूला होता. नाव सांगितलं जात होतं तेव्हा तो धोतराचा काचा मारत होता.

डाव सुरू झाला. घोंगडीवाल्याला हूल कळत नव्हती. समोरचा डावीकडे झुकला की तो भाबडेपणाने डावीकडे जाई आणि समोरचा उजवीकडून निघून जाई.

"अहो महाराज," चवरीवाला ओरडला, "पाटीवर उभे आहात की पंगतीला बसलात?"

घोंगडीवाला ओशाळून हसला. "चुकलं. पुढच्या वेळी बघतो."

पुढच्या वेळीही तेच झालं.

"याच्या जागी बुजगावणं उभं केलं असतं तर निदान पाखरं तरी भ्यायली असती! अरे, मेंढरांत उभं राहायची सवय तुझी, माणसांत कशाला आलास?"

आता घोंगडीवाला हसला नाही. तो आपल्या पाटीकडे खाली बघत राहिला. पण हललाही नाही. मावशीने थांबायला सांगितलं होतं.

तिसऱ्यांदा गडी निसटला आणि चवरीवाल्याने हात झटकले. "माझी गाय व्यायला झालीय," तो म्हणाला आणि पाटी सोडून निघाला. मागे कुणीतरी हसलं, कुणीतरी शिवी घातली. डाव मोडला.

घरी येऊन त्याने भाकरी वाढून घेतली. पहिला घास हातात असताना दारात मोठी सावली पडली. घोंगडीवाला धापा टाकत उभा होता. खांद्यावर एक घोंगडी आणि हातात पानात बांधलेला गूळ.

"मावशींनी घर सांगितलं," तो घाईने म्हणाला. "गाय कुठे बांधलीय? अडली नाही ना? वासराचे पाय आधी आले की डोकं? आमच्याकडे गुरं आहेत, मला माहिती आहे. चला, दाखवा."

चवरीवाल्याने हातातला घास ताटात परत ठेवला.

त्या घराला गोठा नव्हता. अंगणात एक दोरी होती आणि दोरीवर एक धोतर वाळत होतं. गाय सोडा, कोंबडी लपवावी एवढीही जागा तिथे नव्हती. घोंगडीवाल्याने अंगण पाहिलं, दोरी पाहिली, ताटातली भाकरी पाहिली. त्याला समजायला वेळ लागला, कारण असल्या गोष्टी समजून घ्यायची त्याला सवय नव्हती.

"बरं," तो अखेरीस म्हणाला. "माझ्यापायी तुमचा डाव वाया गेला. म्हटलं, इथे तरी हात लावावा. हा गूळ मावशींनी दिलाय. डाव पुरा झाला नाही, पण म्हणाल्या, घेऊन जा." त्याने गूळ उंबऱ्यावर ठेवला. मग घोंगडीची नीट घडी घातली आणि तीही ठेवली. "ही वासरासाठी आणली होती. थंडी फार आहे. असू द्या आता. पुढेमागे गाय घेतलीत तर उपयोगी पडेल."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर चवरीवाल्याने उत्तर दिलं असतं. त्यात तो तरबेज होता. पण या बोलण्याला काय उत्तर द्यायचं, ते राजाने त्याला कधी शिकवलं नव्हतं. बस म्हणावं, माफ कर म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. मनात येईपर्यंत दारातली सावली निघून गेली.

दुसऱ्या दिवशी राजाच्या मागे उभं असताना त्याची चवरी दोनदा चुकली. संध्याकाळी तो जवळजवळ धावतच मैदानावर गेला.

"काय रे," मावशी म्हणाली, "कालवड झाली म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तो घोंगडीवाला. सकाळी निघताना पाणी प्यायला आला होता. सगळ्यांनी त्याला घेरलं. म्हणाले, काय, पाहिलीस का गाय? तर म्हणाला, पाहिली. सुखरूप आहे. कालवड झालीय, कपाळावर पांढरा टिळा आहे." मावशीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "मी इतकी वर्षं इथे पाणी पाजतेय. कोण खरं बोलतं आणि कोण दुसऱ्याची लाज राखतं, एवढं मला कळतं."

चवरीवाल्याने तिन्ही वाटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तो कुठल्या वाटेने गेला?"

"इथे तीन वाटा आहेत. गर्दी होती, मी पाहिलं नाही."

"त्याचं नाव काय?"

"मला विचारतोस? पान उचलताना त्याने मोठ्याने सांगितलं होतं. त्याचा भिडू तू होतास."

"तुमच्या लक्षात नाही?"

"अरे, माझ्या कानांवर रोज ढीगभर नावं पडतात. मी सगळ्यांना पाणी देते. नाव लक्षात ठेवायचं, ते भिडूने."

त्या दिवसापासून चवरीवाला बदलला. तो आपलं नाव सांगू लागला, दुसऱ्यांची विचारू लागला. नवख्याला "घाबरू नका, मी शेजारच्या पाटीवर आहे" म्हणू लागला. हरत असला तरी शेवटपर्यंत थांबू लागला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण मैदान तोवर त्याच्याकडून शिकून बसलं होतं. कुणाची म्हैस डाव हरतानाच हरवू लागली. कुणाच्या सासऱ्याला नेमका सूर्यास्ताला ताप भरू लागला. त्या नगरातली गुरं आणि सासरे यांच्यावर इतकी संकटं पूर्वी कधी आली नव्हती. आणि जे थांबत, ते एकमेकांना बुजगावणं म्हणत. चवरीवाल्याने एकदा एकाला हटकलं, "अहो, असं बोलू नये." तो म्हणाला, "वा! आम्ही तुमच्याकडूनच शिकलो."

वाटांवरून बातमी गेली. नवे लोक मैदानाच्या कडेला उभे राहून बघत आणि मावशीने टोपली पुढे केली की म्हणत, "नको, पाय दुखतोय." मग ते उभे राहीनासे झाले. गाडीवान पुढच्या मुक्कामाला बैल सोडू लागले. एक दिवस पानं उचलायला अठरा माणसं जमली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. टोपलीत पानं सुकली. पुढे मावशी गेली आणि पाणपोईचे रांजण कोरडे पडले.

पाट्यांवर गवत उगवलं.

चवरीवाला म्हातारा झाला. राजाने त्याच्या हातून चवरी काढून घेतली, तेव्हाही राजाने मागे वळून पाहिलं नाही. तो रोज संध्याकाळी मैदानावर येऊन बसे. काखेत ती घोंगडी, कनवटीला गुळाचा खडा. घोंगड्यांचा भारा घेऊन कुणी जाताना दिसला की तो उठून उभा राही. पण हाक काय मारणार? नावच ठाऊक नव्हतं. "अहो, थोराड अंगाचे, संथ चालीचे एक गृहस्थ..." एवढं म्हणेपर्यंत ऐकणारा मान हलवून पुढे जाई.

अशाच एका थंडीच्या संध्याकाळी गवतातून हाक आली. "कुणी आहे का? अहो, कुणी आहे का?"

एक गुराखी घाबराघुबरा होऊन उभा होता आणि त्याची गाय बरोबर पाट्यांच्या मधोमध आडवी झाली होती. चवरीवाल्याच्या आयुष्यात अखेर एक गाय खरोखर व्यायला झाली होती.

"बाबा, जरा हात लावा! अडलीय."

"मला येत नाही," म्हातारा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो हे म्हणत होता. "पण सांगाल तसं करीन."

गुराख्याने सांगितलं, त्याने केलं. गाय कळ देई तेव्हा दोघं मिळून ओढत. ती थांबली की थांबत. अखेर वासरू बाहेर आलं, ओलं आणि थरथरणारं. म्हाताऱ्याने काखेतली घोंगडी काढली, वासराचं अंग चोळून कोरडं केलं आणि त्याला त्याच घोंगडीत गुंडाळलं. कालवड नव्हती, गोऱ्हा होता. कपाळावर टिळाही नव्हता. कनवटीचा गूळ त्याने गाईला चारला.

"तुम्ही होता म्हणून निभावलं," गुराखी म्हणाला. "आता गेलात तरी चालेल, बाबा. गारठा वाढलाय. नाव काय तुमचं?"

म्हाताऱ्याने नाव सांगितलं. गुराख्याने ते नीट ऐकून घेतलं आणि आपलंही सांगितलं.

"थांबतो," म्हातारा म्हणाला. "हे उभं राहीपर्यंत थांबतो."

वासरू पडलं, धडपडलं, पुन्हा पडलं आणि एकदाचं चार पायांवर उभं राहिलं. म्हातारा तोवर हलला नाही. पण तिन्ही वाटांकडे त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं. हे ज्याला दाखवायचं होतं तो कुठल्याच वाटेने आला नाही.

तात्पर्य: घटकाभराच्या भिडूशीही चांगलं वागावं, माफी मागायला तो पुन्हा भेटेलच असं नाही.