खळ्यावरचा डोंगर

फार मागची, आपल्या पणज्यांच्या पणज्या परकर नेसून हिंडत होत्या तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत चाळीस घरांचं एक गाव होतं. डोंगरात एक झरा होता आणि सगळं गाव त्या एका झऱ्याचं पाणी पीत असे.

त्या गावात भात पेरण्याआधी राब भाजायची रीत होती. डोंगरातल्या झाडांच्या हिरव्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या आणि रोपाच्या जागेवर रचून जाळायच्या. त्या राखेनं रोप जोमानं वर येई. इथवर ठीक होतं. पण ज्याचा राब उंच त्याचं घर मोठं, असं लोकांनी कधीतरी ठरवून टाकलं आणि मग काय विचारता! शेजाऱ्यानं वीस भारे आणले की आपण पंचवीस आणायचे. सगळ्यांत उंच राब अर्थातच गावकाराचा, कारण तो गावाचा मुख्य. त्याच्याहून उंच रचायची कुणाची छाती नव्हती आणि त्याच्याहून फार कमी रचायची लाज वाटे.

होता होता डोंगर बोडका झाला. झरा आधी वैशाखापर्यंत पुरायचा, मग फाल्गुनापर्यंत पुरू लागला, आणि त्या वर्षी तर पौषातच आटला. तीन घरांना कुलपं लागली. एके दिवशी गावकाराच्या मुलानंही सांगून टाकलं, की शिमगा झाला की आम्ही खालच्या मुलखात राहायला जाणार. गावकार आतून हादरला. ज्या गावात आपलाच मुलगा राहत नाही, त्याचा मुख्य म्हणून मिरवायचं तरी कुणापुढं?

त्यानं गाव गोळा केलं. खळं शेणानं सारवून घेतलं, तांदळाच्या पिठाची टोपली मध्ये ठेवली आणि सांगितलं, की आपलं गाव पुढं कसं असावं ते प्रत्येकानं इथं काढून दाखवा. चित्र पुरं झालं की तसं कामाला लागू.

माणसं हौसेनं बसली. कुणी दारात विहीर काढली, कुणी माडीचं घर, कुणी गोठाभर गुरं. सगळ्यांत मोठी जागा गावकारानं स्वतःच्या घराला घेतली. दुपार कलली तेव्हा खळ्यावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती आणि गावकार खूश होता.

तेवढ्यात त्याची सून कोसभरावरून पाणी घेऊन आली. डोक्यावरचा हंडा न उतरवता ती खळ्याच्या कडेला उभी राहिली. तूही काहीतरी काढ, असं सासऱ्यानं तिला कौतुकानं सांगितलं.

"काढते, मामंजी," ती म्हणाली. "पण डोंगर कुठं काढू? त्याला जागाच कुणी ठेवली नाही."

सगळ्यांनी चित्र पुन्हा पाहिलं. चित्रात सतरा विहिरी होत्या आणि त्यांना पाणी कुठून येणार, ते कुणीच काढलं नव्हतं. डोंगराच्या बाजूला गावकाराचंच घर ऐसपैस पसरलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला आणि आपलं घर त्यानं उपरण्यानं पुसून टाकलं. मग एकेकानं आपापलं थोडं थोडं पुसलं आणि जागा झाली.

सुनेनं डोंगर काढला, तो अगदी तुळतुळीत. ती लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं तो तसाच पाहिला होता. झाडं मी काढतो म्हणून गावकार पुढं झाला, पण कुठं काय होतं ते त्याला आठवेना. जन्मभर त्यानं भारे तेवढे मोजले होते.

गावाबाहेर पाला-मुळ्यांची औषधं देणारी एक म्हातारी राहत असे. तिला शेत नव्हतं, म्हणून गावाच्या बैठकीला तिला कुणी बोलवत नसे. गावकार स्वतः तिच्या झोपडीशी गेला. बोलावणं यायला माझे दात पडावे लागले होय, असं म्हणत ती आली. झऱ्याच्या डोक्यावर तिनं उंबर काढला, उतारावर ऐन आणि किंजळ, खाली जांभळी. या झाडांची मुळं पावसाचं पाणी धरून ठेवत आणि तेच वर्षभर झऱ्याला येई, हे तिनं समजावून सांगितलं. पण नुसतं काढून भागणार नाही, झाडं ओळखायला शिका, असंही तिनं बजावलं.

मग दर आठवड्याला घरटी एक माणूस तिच्यामागं डोंगरात जाऊ लागलं. बी कुठलं, पेरायचं कधी, गुरं कुठं चारायची नाहीत, हे सगळं मोठी माणसं मुकाट्यानं शिकू लागली. तोडलेल्या खुंटांवरचे कोवळे फुटवे ओळखताना गावकार ऐन आणि किंजळ यांत तीनदा चुकला, तेव्हा म्हातारी फटकन म्हणाली, "साठ वर्षं ज्याला तोडलंस, त्याचं नाव येत नाही तुला?"

शिमगा झाला आणि मुलगा बायकोला घेऊन निघाला. गावकारानं त्याला अडवलं नाही. पाणी नाही तिथं थांब म्हणायला तोंड कुठून आणायचं?

त्या वर्षी सगळं गाव गावकाराचा राब बघायला जमलं. राब गुडघ्याएवढा होता, वाळका पाला, तण आणि शेणकूट यांचा. कुणीतरी फिसकन हसलं. गावकारानं तो तसाच पेटवला. पुढच्या वर्षापासून बाकीच्यांचेही राब खाली आले, कारण त्याच्याहून उंच रचायची सवय कुणालाच नव्हती. दोन वर्षं भात कमी पिकलं, लोक कुरकुरले, पण फांदीला कोयता लागला नाही.

सहाव्या वर्षी झरा माघापर्यंत टिकला. नवव्या वर्षी भर वैशाखात त्याखाली हंडा भरला. बंद घरांची कुलपं निघाली.

दर पौषात खळ्यावर असं चित्र काढायची आता गावात रीतच पडली होती, आणि दहाव्या वर्षीही गाव ते काढत होतं. गाठोडी घेऊन मुलगा आणि सून कडेला येऊन उभी राहिली. खळ्यावर आधी डोंगर निघाला होता, झाडांनी भरलेला, आणि खाली सगळ्यांची घरं होती. सुनेनं सगळं चित्र नजरेखालून घातलं.

"मामंजी, आपलं घर दिसत नाही."

गावकारानं पिठाची टोपली तिच्यापुढं सरकवली. "जागा राखून ठेवलीय," तो म्हणाला. "किती माणसांचं काढायचं, ते तू सांग."

सुनेनं गाठोडं खाली ठेवलं आणि ती काढायला बसली.

म्हणून सांगतो, लहानथोर सगळ्यांनी ऐका: उद्याचं गाव रेखताना आपलं घर सगळ्यांत शेवटी काढावं, आधी ते काढावं, ज्याच्या जिवावर सगळ्यांची घरं उभी असतात.