धाकूचा कांदा

फार वर्षांपूर्वी, सुरंगवेळच्या खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायला भरतीची वाट बघावी लागे, त्या काळची ही गोष्ट. गावात धाकू नावाचा एक लोहार होता. हात त्याचा चांगला होता, पण आज लोक त्याचं नाव घेतात ते हातासाठी नाही. धाकू जळका होता. इतका जळका, की त्याच्या भट्टीला कोळसा लागतच नसे, असं म्हणतात.

आता हा जळायला लागला कसा, ते ऐका. एका वर्षी वादळात एक गलबत खडकावर फुटलं आणि त्यातला एक खलाशी वाहत किनाऱ्याला लागला. पूर्वेकडच्या बेटांवरचा होता, जपान म्हणतात त्या मुलखातला. धाकूने त्याला घरी आणलं, पेज पाजली, तिरफळं घातलेल्या बांगड्याचं कालवण खाऊ घातलं. माणूस उभा राहिला आणि एके दिवशी आपणहून भट्टीपाशी येऊन बसला. तो त्याच्या देशातला लोहारच निघाला. भाषा कुणाला कळत नव्हती, पण घणाला कुठे भाषा लागते? त्याने सुरी करून दाखवली. मधे कडक पोलादाची पट्टी, दोन्ही अंगांना मऊ लोखंड, आणि ठोकून ठोकून तिन्ही एकजीव. तापलं पातं पाण्यात बुडवायचं, त्याला पाणी देणं म्हणतात; त्याआधी पात्याला मातीचा लेप. पात्याची शेपटी लाकडी मुठीच्या पोटात. शेजारच्या भट्टीचा बाबल लोहार धाकूहून लहान होता. तोही शिकायला येऊन बसे.

पुढे खलाशाला परतीचं गलबत मिळालं. निघताना त्याने कमरेची स्वतःची सुरी काढली आणि बाबलाच्या हातात ठेवली. मग धाकूसमोर आला. एक बोट आपल्या डोळ्याला लावलं, हसला, आणि होडीत जाऊन बसला.

धाकूच्या अंगाचा तिळपापड झाला. पोसला मी, कालवण माझ्या घरचं, आणि सुरी बाबलाला! आणि वर डोळा दाखवून हसतो! बाबलाने ती सुरी भट्टीवर आढ्याला टांगली. येता-जाता ती धाकूच्या नजरेला पडे आणि जेवण कडू होई. पण एकदा हातात घेऊन बघतो म्हणायचं? नाव नको. मेला असता, पण मागितली नसती.

त्या दिवसापासून दोघेही तसल्याच सुऱ्या करू लागले. बाबलाची नवी सुरी झाली रे झाली, की धाकू तीत खोट शोधायला बसे. पातं उन्हात धरी. धारेशी पोलादाची रेघ दिसते, ओहोटीनंतर वाळूवर उमटते तशी. ती कुठे रुंद, कुठे अरुंद, ते बघे. नखाने टिचकी मारून नाद ऐके. पाण्याचा एक थेंब पात्यावरून सोडी आणि तो कुठे वळतो ते पाही. मूठ एका बोटावर तोलून धरी. गंमत अशी, की त्याला हे सगळं करायला सुरी आणून देई खुद्द बाबलच.

"धाकूदा, जरा बघशात?"

"पाणी जास्त दिलंस. हाडावर पडली तर तुटतली."

बाबल मान हलवी आणि परत जाई. पुन्हा नवी आणी.

"मधला पोलाद एका बाजूक सरकला हा. गवताक बरी, माशाक नाय."

एकदा बायकोने, शेवंतीने, ऐकवलं, "सोताच्या पोराक कधी इतक्या निरखून बघलास नाय, जितक्या बाबलाच्या सुरीयेक बघतास." धाकूने घण उचलला. खरं बोलणं झोंबतंच.

हळूहळू त्याची नजर इतकी तयार झाली, की उद्या पडणारी चीर त्याला आजच दिसे. पलीकडच्या तीरावर कुणी हिणकस सुरी दगडावर घासली, तर अलीकडे धाकूचे दात आंबत, असं म्हणतात. लांबलांबच्या बंदरांवरून लोक सुऱ्या घेऊन त्याच्या ओट्यावर येऊ लागले. धाकूने खोट काढली की सुरीची किंमत पडे. त्याने नाक मुरडून परत दिली, म्हणजे काही सापडलं नाही, आणि मग तीच सुरी दुप्पट भाताला जाई. लोकांचं भलं होत होतं, पण धाकूला त्याचं काय? त्याला एकच हवं होतं. बाबल खाली यायला हवा होता.

आणि अशात देवीची जत्रा आली. जत्रेनंतर गावजेवण असे, आणि त्याची भाजी, मासळी, कांदे, सगळं ज्या सुरीने पहिल्यांदा कापायचं ती सुरी देण्याचा मान धाकूच्या घराण्याचा होता. आजोबापासूनचा. त्या वर्षी मानकऱ्यांनी सांगितलं, "औंदा बाबलाची सुरी घेवया. पण धाकूनच कापून बघूची. तो बरी म्हणालो तर मान बाबलाक. नाय म्हणालो तर मान आसा तसो धाकूच्या घरात."

धाकूला रात्रभर झोप नव्हती. नुसतं "नाय" म्हटलं की काम भागणार होतं.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या आवारात गाव जमला. बायका कांदे सोलत होत्या आणि सगळ्यांचे डोळे गळत होते. बाबलाने सुरी पुढे केली. धाकूने ती उन्हात धरली. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी. टिचकी मारली, नाद देवळाच्या घंटेइतका लांबला. थेंब सोडला, थेंब सरळ टोकाला गेला. मूठ बोटावर तोलली, तीही ढळली नाही. त्याने काढलेली एकेक खोट त्याला आठवत होती, आणि एकही तिथे नव्हती.

मग खरी परीक्षा. बोथट सुरी कांदा चेचते, म्हणून डोळे झोंबतात. खरी सुरी कांद्याला कळूच देत नाही. धाकूने कांदा घेतला आणि चिरला. एकेक चकती इतकी पातळ पडली, की वाऱ्यावर उडून पलीकडच्या तीरावर गेली, असं म्हणतात. आणि सगळ्या गावाने पाहिलं, की धाकूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय.

"धाकू रडलो रे रडलो!" कुणीतरी ओरडलं. "सुरी खोटी!"

बाबलाची मान खाली गेली. मानकरी धाकूकडे वळले. आता तर "नाय" म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं की मान घरात राहत होता आणि बाबलाचं नाव खाडीत बुडत होतं. जन्मभर हेच तर मागितलं होतं धाकूने.

त्याने सुरी धोतराला पुसली. मग म्हणाला, "कांद्यान नाय रडयल्यान माका. सुरीयेन रडयल्यान. माज्या हातान अशी कधी झाली नाय."

 बाबल पुढे आला आणि त्याने धाकूचे पाय धरले. "धाकूदा, गावाक इचारलां तर गाव बरीच म्हणता. खरां तुमीच सांगलास. माका तुमीच शिकवलास."

"उठ," धाकू म्हणाला. "तुका शिकवूक नाय सांगलंय. जळत होतंय म्हणान सांगलंय."

मग बाबल धावत आपल्या भट्टीवर गेला आणि आढ्याची ती खलाशाची सुरी काढून आणली. धाकूच्या हातात ठेवली. इतक्या वर्षांनी! धाकूने ती उन्हात धरली, इकडून बघितली, तिकडून बघितली. आणि रडता रडता हसायला लागला.

"हिच्यातय खोट हा रे! पात्याचा पोट मुठीकडे सुटलाहा," तो म्हणाला. "आणि हिच्यासाठी मी जलमभर जळलंय!"

काही म्हणतात, खलाशाने एकाला हात दिला आणि दुसऱ्याला डोळा. धाकूला विचारलं असतं तर त्याने शिवी घातली असती. बाबलावर तो पुढेही जळतच राहिला, शेवटपर्यंत, आणि बाबल शेवटपर्यंत त्याच्याच दारात सुरी घेऊन जात राहिला.

सुरंगवेळला अजून नवी सुरी झाली की ती आधी आपल्यावर जळणाऱ्या लोहाराच्या दारात नेतात. नवं जाळं, नवी होडी, त्यांनाही तोच नियम. आणि जत्रेला गावजेवणाचा पहिला कांदा चिरतात, त्याला धाकूचा कांदा म्हणतात. चिरणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तर सगळा गाव एका सुरात विचारतो, "कांद्यान, की सुरीयेन?"

आणि तिथे खोटं बोलायचं नाही.