तिसऱ्या पडद्यावरची चौकट

“बाबा, या तिघांपैकी खरं कोण दाखवतंय?”

मठाच्या ओसरीवर पुष्करने तीन संगणक ओळीने मांडले होते. तिघांच्या प्रणाली वेगवेगळ्या. मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम मात्र एकच. तीन वर्षं खपून पुष्करने तो स्वतः तयार केला होता आणि त्याचा त्याला भलता अभिमान होता. मठातली जुनी पोथी त्यात उतरवायची, हा त्याचा ध्यास. नागराजबाबांनी परीक्षेसाठी पोथीतलं एकच सुटं पान दिलं होतं. जमलं तर पोथी हातात, नाहीतर आल्या वाटेने परत.

पानात एक जुनं चिन्ह होतं. पहिल्या संगणकाने ते गोलसर काढलं, दुसऱ्याने टोकदार. तिसऱ्याने नुसतीच रिकामी चौकट दाखवली.

बाबा चष्मा सावरत पडद्याजवळ वाकले. त्यांना मोठी मौज वाटत होती.

“ही चौकट कसली रे?”

“याला ते चिन्ह माहीत नाही, बाबा. करतो बंदोबस्त.”

ती चौकट पुष्करच्या डोळ्यांत सलत होती. दुपारची पंगत उठेपर्यंत त्याने ती घालवलीच.

“काय केलंस?”

“माहीत नसेल तिथे दिसायला जवळचं अक्षर येतं. वाचणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही.”

“अस्सं! मग वाच बघू त्यावरून.”

पुष्करने खड्या आवाजात वाचायला घेतलं. मध्येच बाबांनी हात वर केला. तो वाचतच राहिला. पान संपलं, तरी बाबांचा हात वरच होता.

“चुकलं का काही?”

“थांबला नाहीस.”

“थांबण्यासारखं काही नव्हतंच, बाबा.”

बाबांनी पान त्याच्याकडे फिरवलं आणि त्या चिन्हाखाली बोट ठेवलं.

“याचा उच्चार मठात कुणाला येत नाही. माझ्या गुरूंनाही येत नव्हता. वाचणारा इथे थांबतो, हात जोडतो, मग पुढे जातो.”

“इतक्या वर्षांत कुणाला अंदाजही आला नाही?”

“अंदाज सगळ्यांनाच आले…”

पुष्करची मान खाली गेली. त्याला स्वतःचीच लाज वाटली. मघाशी केलेली हुशारी त्याने आपल्याच हाताने पुसून टाकली. चौकट परत आली. सकाळपासून तो तिच्यावर चिडला होता, पण तिच्याकडे नीट पाहिलं ते आत्ता. हे चिन्ह कुणी लिहिलं असेल? कसं उच्चारलं असेल?

त्याने पान पुन्हा वाचायला घेतलं. चौकटीपाशी आल्यावर त्याचा आवाज थांबला.

“बाबा… इथे काय आहे, मला माहीत नाही.”

बाबांनी अख्खी पोथी त्याच्या पुढ्यात सरकवली.

“आता बरोबर वाचलंस.”