बुळबुळीचा कडा

फार पूर्वी, मासेही जन्मले नव्हते तेव्हा, उथळ समुद्राच्या तळाशी जिवाणूंची एक बुळबुळीत साय राहत होती. तिचं नाव चिकणी. लाट जरा आपटली तरी ती दचकायची.

एके दिवशी समुद्र म्हणाला, "ए बुळबुळे, मी आता वर चढणार. ऊन विसर!"

चिकणी उन्हावरच जगायची. घाबरून ती खालच्या, दगड झालेल्या थोरल्या बहिणीला म्हणाली, "ताई, आता कसं गं? आपल्याला ना हात, ना पाय!"

"चिकटपणा आहे ना? पाण्यातले चुन्याचे कण धरून ठेव आणि त्यांच्यावर चढून बस. मीही तेच केलं."

चिकणीनं एक कण धरला, मग दुसरा. समुद्र वीतभर चढला की तीही वीतभर चढे. पुढे तिचाही दगड झाला आणि तिच्या अंगावर धाकटी चढली, तिच्यावर आणखी धाकटी. लाखो वर्षं गेली.

शेवटी समुद्र दमून मागे सरला. पाहतो तर समोर डोंगराएवढा पांढराशुभ्र कडा!

"अहो, आपण कोण?" त्यानं अदबीनं विचारलं.

समुद्राबरोबर खाली उतरून पाण्याच्या काठावर राहिलेली सर्वांत धाकटी साय दचकली.

"सांग की त्याला," दगडातून चिकणी म्हणाली.

"आम्ही होय?" धाकटी म्हणाली. "आम्ही बुळबुळ्या!"