टिटवी कुणासाठी ओरडली

जंगल कुणाचं हे अजून ठरायचं होतं, तेव्हाची गोष्ट. नदीच्या एका काठाला लांडगे राहत, दुसऱ्या काठाला रानकुत्री. मधल्या बेटावर एका टिटवीनं खड्यांमध्ये चार अंडी घातली होती. तिची आजीही तिथंच घालायची.

कुणाचंही पाऊल वाजलं की टिटवी ओरडत सुटे. एकदा लांडग्यांचा म्होरक्या आला नि म्हणाला, "आम्ही निघालो की तू ओरडतेस. रानकुत्र्यांची खबरी आहेस तू."

"नाही हो दादा, हरीण आलं तरी मी ओरडते. अंडी पायाखाली येतात ना."

"यापुढं फक्त ते आले तर ओरडायचं."

दुसऱ्या दिवशी रानकुत्र्यांचा म्होरक्या आला. त्यानंही तिला लांडग्यांची खबरी ठरवलं. वर विचारलं, "काल तो तुझ्याशी काय बोलत होता?"

तो गेल्यावर तिचा टिटवा म्हणाला, "आपण दुसरीकडे जाऊ."

"आणि अंडी कशी न्यायची?" टिटवी म्हणाली. तिनं मग ओरडायचंच नाही असं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी दोन्हीकडून पावलं वाजली. टिटवीनं चोच मिटून धरली. दोन्ही टोळ्या बेटावर अचानक समोरासमोर आल्या, त्यांनी एकमेकांना फाडलं आणि त्या रक्ताळून परत गेल्या. खड्यांत चार ठिकाणी बलक सांडला होता.

सकाळी लांडगा लंगडत आला. "काल ओरडली का नाहीस?" त्यानं दरडावलं. तो गेल्यावर रानकुत्रा येऊन तेच विचारून गेला.

विचारताना दोघंही बलकातच उभे होते.