खांबाची जागा

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की तेव्हाच्या राजाचं नाव आज कुणाला सांगता येत नाही आणि त्याची राजधानी कुठे होती यावर म्हातारी माणसं अजून वाद घालतात. पण त्या राज्यात बांधकामाची विद्या शिकवणारी एक मोठी शाळा होती, याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

त्या शाळेत वैजयंती नावाची मुलगी शिकत होती. तिचे वडील कोष्टी. घरात माग होता, पण अक्षर ओळखणारं कुणी नव्हतं. वैजयंती शाळेत गेली तेव्हा गावानं नावं ठेवली आणि ती पहिली आली तेव्हा त्याच गावानं पेढे खाल्ले. नद्या, त्यांचे तळ, त्यांच्यावरचे पूल हा तिचा विषय. आचार्य विद्यार्थ्यांना नदीवर नेत, सळया ठोकून तळ कसा ओळखायचा ते शिकवत. इतर मुलं पाय ओले झाले म्हणून कुरकुरत. वैजयंतीला मात्र वाळूखाली काय दडलंय याचा ध्यास लागलेला असे.

त्या शाळेतून बाहेर पडलं की राजाच्या बांधकामावर काम मिळायचं, ही जुनी रीत. कुणी तलावावर जाई, कुणी तटावर. पण वैजयंतीचं शिक्षण संपलं त्याच वर्षी समुद्रापलीकडून परदेशी कारागिरांचा मोठा तांडा आला. त्यांच्या देशात काम उरलं नव्हतं. ते दगडात पटाईत होते, उन्हातान्हात राबत होते आणि तक्रार करत नव्हते. राजाच्या बांधकामाच्या कारभाऱ्यानं सगळ्या जागा त्यांना देऊन टाकल्या.

शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली मुलं रोज कारभाऱ्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहू लागली. कारभारी रोज तेच सांगे. ही माणसं तुमच्या निम्म्या मजुरीत काम करतात, तुम्हाला ठेवून मी काय करू?

वैजयंती गावी गेली की बायका विचारत, काय गं, लागलं का काम? ती हसून वेळ मारून नेई. एकदा कुणी तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालं, शिकून काय उजेड पाडला? वडील मागावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा त्यांचा धोटा थांबला. वैजयंतीला ते बोलणं नाही लागलं, तो थांबलेला धोटा लागला.

मग तिलाही परदेशी माणसांचा राग येऊ लागला. त्यांची बोली कानावर पडली तरी तिचं कपाळ आक्रसायचं. फाटकाशी जमणाऱ्या मुलांमध्ये सोमदत्त नावाचा एक हुशार, तोंडाळ मुलगा होता. तो म्हणे, ही माणसं जाईपर्यंत आपल्याला अन्न गोड लागणार नाही. सगळे माना डोलवत. वैजयंतीही डोलवायची.

राज्याच्या मधून एक रुंद नदी वाहत होती. अलीकडे राजधानी, पलीकडे पाच-पन्नास गावं. ये-जा होड्यांनी. दर पावसाळ्यात एखादी होडी उलटायची आणि कुणाच्या तरी घरी चूल पेटायची नाही. म्हणून राजानं पूल बांधायला काढला होता. ते काम परदेशी कारागिरांकडे होतं. त्यांचा मुख्य मिस्त्री यारुक. पिकलेल्या दाढीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं काठांवरचे खांब उभे केले, ते ठणठणीत राहिले. पण मधला खांब पहिल्याच पुरात कलला आणि एका बाजूला बसला.

त्या दिवशी फाटकाशी पेढे वाटले गेले.

राजा संतापला. पण यारुकनं हात जोडले, तेव्हा राजानं त्याला आणखी एक संधी दिली. पुढच्या पावसाळ्याच्या आत खांब उभा करा, आणि तोही ढळला, तर तुमचा सगळा तांडा आल्या वाटेनं परत जाईल. यारुकला वाटलं, पाया उथळ राहिला असावा. त्यानं पाण्याला बांध घातला आणि त्याच जागी आणखी खोल पाया खणायला घेतला.

वैजयंती एके दिवशी काठानं चालली होती. तिनं ते काम पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. ती जागा तिच्या ओळखीची होती. शिकत असताना तिनं तिथे आपल्या हातानं सळई ठोकली होती. तिथे वाळूखाली खडक लागतो, पण तो खडक नव्हेच, नुसता पापुद्रा. त्याच्याखाली चिकणमाती. वर कितीही भक्कम बांधा, ओझं पडलं की पापुद्रा फुटायचाच.

तिनं हे सोमदत्तला सांगितलं. त्याचे डोळे चमकले. तो म्हणाला, "मग आता गप्प बस. खांब पडेल, ते जातील आणि आपल्याला बोलावणं येईल. आपल्याला काही करावंही लागणार नाही."

"आणि खांब पडेल तेव्हा पुलावर माणसं असली तर?"

सोमदत्तनं नजर वळवली. म्हणाला, ते पाप त्यांचं, आपलं नाही.

वैजयंती घरी गेली. तिला जेवण गेलं नाही. सोमदत्त म्हणाला ते तिला पटावं असं तिला मनापासून वाटत होतं, खोटं कशाला बोलायचं? काम हवं होतं. मागावरचा धोटा पुन्हा चालायला हवा होता. नुसतं तोंड मिटून राहायचं, एवढंच तर होतं. पण डोळे मिटले की तिला पूल दिसे, पुलावर बाजाराची गर्दी दिसे, आणि गर्दीतल्या प्रत्येकाचा चेहरा तिच्या गावातल्या कुणाचा तरी असे. ज्या बाईनं तिला टोमणा मारला होता, ती बाईसुद्धा त्यात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरळ पुलाच्या कामावर गेली. कारागीर हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघू लागले. फाटकाशी उभ्या राहणाऱ्यांतली ही एक, हे त्यांनाही माहीत होतं. तिनं यारुकला सांगितलं, ही जागा फसवी आहे, इथे खांब उभा करू नका.

यारुक वर्षभरात इथली भाषा मोडकीतोडकी बोलायला शिकला होता. 

"मुली, आम्ही इथून जावं असं तुम्हा लोकांना वाटतं," तो म्हणाला. "मग हे सांगायला तू का आलीस?"

"तुम्ही जावं असं मला आजही वाटतं," वैजयंती म्हणाली. "पण या पुलावरून माझीच माणसं जाणार आहेत."

 यारुकनं लांब सळई मागवली आणि घण मारायला सांगितलं. सळई वाळूत गेली, मग खण्णकन आवाज आला आणि ती अडली. कारागीर हसले. हा काय, खडक आहे की. यारुकच्या देशातल्या नद्यांत खडक लागला की तो पार पाताळापर्यंत खडकच असे.

वैजयंती म्हणाली, थांबू नका. मारत राहा.

पुन्हा घण पडू लागले. माणसं घामानं भिजली. हसणं केव्हाच थांबलं होतं. आणि एकाएकी लोण्यात सुरी जावी तशी सळई सरकन खाली गेली, हातभर, आणखी हातभर. वर काढली तेव्हा तिच्या टोकाला काळी, बुळबुळीत माती होती. यारुकनं ती बोटांत चोळली आणि तो तिथेच वाळूवर बसला.

एवढ्यात कारभारी येऊन पोचला. काम का थांबलं म्हणून तो यारुकवर ओरडला. यारुकनं सांगितलं की जागा बदलावी लागेल. कारभाऱ्याचा पारा चढला. आता जागा बदलायला वेळ कुठे आहे? तो म्हणाला, "जास्त बोलू नकोस. फाटकाबाहेर ही पोरं तुझ्या निम्म्या मजुरीत राबायला तयार उभी आहेत."

वैजयंती चमकली. हेच वाक्य तिनं रोज ऐकलं होतं, फक्त उलट्या बाजूनं. तिनं यारुककडे पाहिलं. यारुक तिच्याकडेच पाहत होता. दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं की इतके दिवस एकाला दुसऱ्याचा बागुलबुवा दाखवला जात होता आणि दोघंही घाबरून मान खाली घालत होते.

यारुक उठला आणि म्हणाला, या जागी मी एक दगडही ठेवणार नाही. राजाकडे चला.

दरबार भरला. फाटकाशी उभी राहणारी मुलंही बातमी ऐकून आली. कारभाऱ्यानं सगळा दोष यारुकवर ढकलला. राजानं यारुकला विचारलं, तुला काय म्हणायचं आहे? आपण आता जे बोलू त्यावर आपल्या सगळ्या तांड्याची भाकरी अवलंबून आहे, हे यारुकला कळत होतं. तरी तो म्हणाला, "चूक माझी आहे, महाराज. मी ही नदी ओळखली नाही. या मुलीनं ओळखली. ती गप्प राहिली असती तर तिचाच फायदा होता."

राजा वैजयंतीकडे वळला. "तुम्ही मुलं इतके दिवस काम मागत होता. ठीक आहे. या परदेशी लोकांना मी परत पाठवतो. पूल तू आणि तुझे सोबती बांधा."

मागे उभ्या असलेल्या मुलांत आनंदाची लाट उसळली. सोमदत्तनं तर तिच्या पाठीवर हात ठेवला.  जे मागायला ती इतके दिवस उन्हात उभी होती, ते समोर आलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

"महाराज," ती म्हणाली, "आमच्यापैकी कुणी वाहत्या पाण्यात खांब उभा केलेला नाही. आम्ही शाळेच्या अंगणात कमानी रचल्या आणि पुन्हा मोडल्या. एकटे लागलो तर शिकू, पण आमच्या चुका लोकांच्या जिवावर बेततील. मला नदी कळते. यांना दगड कळतो. दोघांना एका कामावर लावा. आणि सारख्या कामाला सारखी मजुरी द्या, म्हणजे कुणाला कुणाची भीती दाखवता येणार नाही."

 सोमदत्तचा हात तिच्या पाठीवरून खाली गेला.

राजानं कारभाऱ्याला त्या मजुरीबद्दल चार प्रश्न विचारले. खजिन्यातून मजुरी पुरी निघत होती आणि निम्मी कारभारी स्वतःच ठेवून घेत होता, हे त्यातून उघड झालं. त्याच दिवशी त्याची पगडी उतरली. बाकी सगळं वैजयंतीनं सांगितलं तसं झालं.

झालं म्हणजे लगेच गोडीगुलाबी झाली असं नाही. सुरुवातीला कोण कुणाचं ऐकेना. चुना किती भिजवायचा यावरून भांडणं झाली. 'थांब' आणि 'सोड' या दोन शब्दांच्या घोळात एक मोठा दगड नदीत गेला. शाळेतल्या मुलांच्या हातांना फोड आले आणि काही जण काम सोडून घरी बसले. सोमदत्त तर आलाच नाही. रागारागानं तो दुसऱ्या राज्यात काम शोधायला गेला. पुढे एका व्यापाऱ्यानं सांगितलं की तिथे त्याला काम मिळालं खरं, पण तिथली मुलं त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत, हे परके आले आणि आमचा घास गेला. सोमदत्त मान खाली घालून काम करत असे.

इकडे वैजयंतीनं नदीचा तळ पुन्हा तपासला. प्रवाहाच्या वरच्या अंगाला खरा खडक सापडला. तिथे खांब उभा राहायचा म्हणजे पुलाला बाक देणं आलं. बाक कसा द्यायचा हे तिला ठाऊक नव्हतं. ते यारुकला ठाऊक होतं. तो दगड घडवताना ती शेजारी बसून बघे, आणि ती पाण्याचा वेग सांगू लागली की तो डोळे बारीक करून ऐके. दुपारी सगळे एकत्र जेवायला बसू लागले. परदेशी माणसांनी ठेचा चाखला आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी पुन्हा मागितला.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा पूल पुरा झाला. मग पूर आला. अख्खी राजधानी काठावर गोळा झाली. झाडं, गवताच्या गंज्या, कुणाचं तरी छप्पर असं सगळं घेऊन लाल पाणी मधल्या खांबावर आदळत होतं. वैजयंती आणि यारुक शेजारी शेजारी उभे होते. दोघंही श्वास रोखून बघत होते. पाणी वर चढलं, फेसाळलं, आणि शेवटी दमल्यासारखं उतरू लागलं. खांब तसूभरही हलला नव्हता. यारुकनं दाढीवरून हात फिरवला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. वैजयंतीला शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला.

पूल झाला तशी पलीकडची गावं जवळ आली. धान्य येऊ लागलं, बाजार वाढला. बाजार वाढला म्हणून कोठारं हवी झाली, धर्मशाळा हव्या झाल्या, आणखी ओढ्यांवर पूल हवे झाले. आता राजाच्या बांधकामावर माणसं कमी पडू लागली. शाळेतून नवी मुलं बाहेर पडली की त्यांना परदेशी मिस्त्र्यांच्या जोडीला धाडत. परदेशी माणसांपैकी काही जण आपल्या देशी परतले, काही इथलेच झाले. यारुक राहिला. शाळेतल्या मुलांना दगड शिकवू लागला. मुलांनी रचलेल्या कमानी आता कुणी मोडत नसे, कारण त्या अंगणात नसून ओढ्यांवर असत.

वैजयंतीनं त्यानंतर पुष्कळ पूल बांधले. तिचे वडील एकदा तो पहिला पूल पाहायला आले. त्यांनी खांबावर हात ठेवला, विणलेलं वस्त्र चाचपून बघावं तसा दगडांचा सांधा बोटांनी चाचपला आणि समाधानानं मान हलवली. मग पुलावरून पलीकडे चालत गेले आणि संध्याकाळी चालतच परत आले.

म्हणून लहानांनी आणि थोरांनी एवढं ध्यानात ठेवावं: दुसऱ्याच्या हातातलं काम हिसकावून आपले हात भरत नाहीत, हाताला हात मिळाला की सगळ्यांना पुरेल इतकं काम वाढतं.